वाकडा कणा आणि चाळिशी : स्कोलिओसिसवाल्यांनो इकडे या

मृद्गंध:
नमस्कार मंडळी. पाठदुखीवर इथे ढीगभर धागे आहेत पण सगळे स्लिप डिस्क नाहीतर स्पाँडिलायटिसवाले, स्कोलिओसिसवर (म्हणजे कणा डावी-उजवीकडे वाकणं) मोठ्या माणसांसाठी काहीच सापडेना म्हणून नवीन काढतेय. लहान मुलांचं, ब्रेसचं (कणा धरून ठेवणारं प्लास्टिकचं कवच) वगैरे नेटवर भरपूर आहे, पण ज्यांची वाढ थांबून वीस वर्षं झाली त्यांनी काय करायचं ते कोणी बोलतच नाही.

माझी केस सांगते. वय ३९, ठाणे, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. दहावीच्या सुट्टीत आईच्या लक्षात आलं की उजवा खांदा वर आहे आणि पाठीचं उजवं पातं जास्त बाहेर आलंय. एक्स-रे काढला तर छातीच्या भागात उजवीकडे ३४ अंशांचा बाक आणि कमरेत डावीकडे २८. डॉक्टर म्हणाले वाढ संपत आलीये, ब्रेसचा आता उपयोग नाही, ऑपरेशनची गरज नाही, पोहायला जा. झालं, विषय संपला. मध्ये लग्न, बाळंतपण, सगळं नीट पार पडलं, कधी काही जाणवलं नाही. आता मात्र दुपारी चारनंतर उजव्या पात्याखाली जळजळायला लागतं आणि लोकलमधून उतरेपर्यंत कंबर एका बाजूला आखडलेली असते. नवीन एक्स-रेमध्ये वरचा बाक ३८ आलाय.

प्रश्न असे की ३४ चा ३८ म्हणजे वाढतोय का? मी "ताठ बसायचं" ठरवून बसते तेव्हा उलट जास्त दुखतं, हे असं का? आणि ते खांदे मागे ओढणारे पोश्चर करेक्टरचे पट्टे कोणी वापरलेत का? भाऊ म्हणतो मागवून टाक, सासूबाई म्हणतात तेल लावून शेक घे.

रांगडा_गडी:
पट्टा मी वापरलाय ताई. कोल्हापुरात मेडिकलमध्ये मिळाला. पयल्या आठवड्यात लई भारी वाटलं, मिलिटरीत भरती झाल्यागत चालायला लागलो, बायको पण म्हणली आता बरा दिसतोस. नंतर काखेत काचायला लागला. आणि काढला की पाठ आधीपेक्षा ढिली वाटायची. आता तो गोठ्यात खुंटीला हाय. माझा बाक तुमच्यापेक्षा कमी हाय, २२ का २३, पण दुखतंय मात्र सेम.

शंकेखोर:
कोणाला राग येऊ दे पण हे सगळे मोबाइलचे आणि जड दप्तरांचे प्रताप आहेत. आमच्या वेळी पाठीला कुबड आलेलं पोर वर्गात एक नव्हतं. जमिनीवर मांडी घालून बसायचो, विहिरीवरून पाणी आणायचो. तेव्हा कुठे होता स्कोलिओसिस?

फिजिओताई:
शंकेखोर, होता हो तेव्हाही, नाव माहीत नव्हतं आणि सदरा सैल असायचा इतकंच. कमरेतून पुढे वाकवून पाठ दोन्हीकडे सारखी दिसते का बघायची जी टेस्ट आम्ही आजही करतो ती विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्लिश सर्जनने १८६५ साली लिहून ठेवलीये. तेव्हा कुठला मोबाइल? दहा ते अठरा वयात जो बाक दिसायला लागतो त्यातल्या बहुतेकांचं नेमकं कारण सापडत नाही. घराण्यात असतो हे दिसतं, पण दप्तराने, एका कुशीवर झोपल्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होतो याला आधार नाही. दप्तराने पाठ दुखेल, कणा वाकून फिरणार नाही. हे मुद्दाम ठासून सांगतेय कारण माझ्याकडे आया येतात त्या आधी रडतात की मीच लक्ष दिलं नाही, मीच हिला ताठ बस म्हणाले नाही. अहो तुम्ही दिवसातून शंभरदा म्हणाला असतात तरी हेच झालं असतं.

मृद्गंध, आता तुमचं. मी नाशिकला प्रॅक्टिस करते, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

अंश मोजतात ती पद्धत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांची, १९४८ ची. वरचा सगळ्यात कललेला मणका आणि खालचा सगळ्यात कललेला मणका, त्यांच्या कडांवरून रेषा काढायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. दहाच्या वर गेला तर स्कोलिओसिस म्हणायचं. आता गंमत अशी की एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांनी मोजलं तरी पाचेक अंशांचा फरक येऊ शकतो, कोणता मणका धरला त्यावर. शिवाय सकाळी काढलेला आणि संध्याकाळी काढलेला, यातही काही अंश पडतात, दिवसभर उभं राहून कणा दबतो. त्यामुळे ३४ आणि ३८, ते पण वीस-बावीस वर्षांनी, याला कोणी शहाणा माणूस "वाढला" म्हणून छातीठोक सांगणार नाही. दोन्ही फिल्म एकाच माणसाकडून, तेच मणके धरून मोजून घ्या. जुनी फिल्म फेकली नसेल अशी आशा करते, ती सोन्याच्या भावाची आहे.

वाढ संपल्यावर ३० च्या आतले बाक सहसा जागचे हलत नाहीत. छातीतला ५० च्या वर असेल तर वर्षाला साधारण अर्धा ते एक अंश सरकू शकतो, म्हणून त्यांना नियमित बोलावतो. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, घाबरायचं कारण नाही पण काही वर्षांनी एकदा बघत राहायचं. एक्स-रे उभ्याने, पूर्ण कण्याचा आणि शक्यतो पाठीकडून काढलेला, म्हणजे छातीला रेडिएशन कमी लागतं. निजून काढलेल्या फिल्मवर बाक कमी दिसतो, तो तुलनेला धरू नका.

मृद्गंध:
बापरे इतकं सविस्तर, खूप आभार. जुनी फिल्म आईकडे माळ्यावर आहे, ट्रंकेत. आता ते ताठ बसल्यावर दुखण्याचं पण सांगा ना, मला वाटायचं मीच आळशी आहे.

फिजिओताई:
हो, ते राहिलंच. ऐका. हा बाक नुसता डावी-उजवीकडे नसतो, मणके स्वतःभोवती फिरलेले असतात आणि फासळ्यांना बरोबर घेऊन जातात. म्हणून तुमचं उजवं पातं बाहेर दिसतं, खरं तर पातं जागेवरच आहे, खालच्या फासळ्या मागे आल्यात. आणि तिसरी गोष्ट जी कोणाला माहीतच नसते: प्रत्येकाच्या पाठीला वरच्या भागात मागच्या बाजूला एक नैसर्गिक गोलाई असते. तुमच्यासारख्या केसमध्ये ती गोलाई बऱ्याचदा आधीच कमी झालेली असते, पाठ सपाट झालेली असते. आता तुम्ही "छाती पुढे, खांदे मागे" करून बसता म्हणजे जी पाठ आधीच सपाट आहे तिला अजून सपाट करता, कमरेत खोलगट करता आणि सगळा भार मधल्या दोन-चार मणक्यांवर घेता. दुखणार नाही तर काय होईल! ताठ बस हा सल्ला पोक काढणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्हाला वर उंच व्हायचंय, मागे वाकायचं नाहीये. डोक्याचा मागचा भाग छताकडे, हनुवटी किंचित आत, बरगड्या पुढे ढकलायच्या नाहीत, इतकंच. आणि ते पण दिवसभर नाही.

पट्टा नेमकं तेच खांदे मागे ओढायचं काम करतो, म्हणून नको.

रांगडा_गडी:
म्हंजे माझा पट्टा गोठ्यात गेला ते बरंच झालं.

राईनकाठी:
मी जर्मनीत राहते आणि मलाही आहे, ४१ अंश, म्हणून थोडं लिहिते. इथे श्रॉथ नावाची पद्धत सर्रास चालते. काटारीना श्रॉथ ही १८९४ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेली बाई, तिला स्वतःला स्कोलिओसिस होता आणि लोखंडी कॉर्सेट घालावा लागायचा. तिने म्हणे चेंडूकडे बघून विचार केला, रबरी चेंडूला पोचा आला तर आत हवा भरून तो बाहेर काढता येतो, मग माझ्या पाठीचा आत गेलेला भाग श्वासाने का भरता येणार नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ मध्ये माइसेनला छोटंसं केंद्र काढलं. पुढे ते पश्चिमेकडे बाड सोबर्नहाइमला आलं, मुलीने आणि नातवाने चालवलं. मी तिथे राहून आलेय. सकाळी उठून आधी भिंतीवरच्या आडव्या पट्ट्या धरून व्यायाम, मग आरसा, मग जमिनीवर छोट्या तांदळाच्या पिशव्या फासळ्यांखाली ठेवून श्वास. हो, खरंच तांदळाच्या! मी पहिल्या दिवशी हसले होते.

बाक किती कमी झाला ते विचारू नका, माझा एक्स-रे तसाच आहे. पण माझी डावी पाठ, जी आत दबलेली आहे, तिकडे श्वास नेता येतो हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. आधी मी आयुष्यभर फक्त उजव्या बाजूनेच श्वास घेत होते की काय असं वाटलं. आणि आता दुखायला लागलं की काय करायचं ते माहीत आहे, ऑफिसात टॉयलेटला जाऊन दाराची चौकट धरून दोन मिनिटं केलं तरी सुटतं.

मृद्गंध:
हे इकडे कोणी शिकवतं का?

फिजिओताई:
मुंबई-पुण्यात श्रॉथचं ट्रेनिंग घेतलेले फिजिओ आहेत, थोडे आहेत पण आहेत. सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. आणि एक ओळख सांगते, तुमचा एक्स-रे न बघता जो पहिल्या दिवशी व्यायाम सुरू करतो तो नको. बाक कुठल्या बाजूचा, कुठे सुरू होतो, त्यावर डावा हात वर करायचा की उजवा ते ठरतं, यूट्यूबवर बघून केलं तर उलट्या बाजूचा पण होऊ शकतो.

दोरीवाली:
पुण्यातून लिहितेय. अय्यंगार योगाचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून. शिवाजीनगरला त्यांची जी संस्था आहे, १९७५ पासूनची, तिथली पद्धत वापरणारे शिक्षक गावोगावी आहेत. भिंतीच्या दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, हे सगळं मुळात ज्यांचं शरीर आसनात जात नाही त्यांच्यासाठीच आलंय. मी दोरीवर अधोमुख श्वानासन करते, कमरेला दोरी आणि बाकीचं शरीर सोडून द्यायचं, कण्याला जो ताण मिळतो तो दुसऱ्या कशानेच नाही मिळत. माझ्या बाईंनी पहिल्या दिवशी मला फक्त उभं केलं आणि मागून बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या डाव्या टाचेवर वजनच नाहीये तुझ्या. तिथपासून सुरुवात.

शंकेखोर:
म्हणजे योगाने बाक जातो असं म्हणायचंय का? कारण मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की वसिष्ठासनाने स्कोलिओसिस बरा होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय.

फिजिओताई:
आलं होतं खरं. २०१४ साली छापून आलेला एक छोटा अभ्यास आहे, २५ जणांचा, ज्या बाजूला बाक बाहेर ती बाजू खाली ठेवून एका कुशीवर वसिष्ठासन करायचं. आकडे कमी झाले असं त्यांनी लिहिलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे सिद्ध वगैरे शब्द फार मोठा आहे. आणि ज्यांना मृद्गंधसारखा वर एक आणि खाली एक असे दोन बाक आहेत त्यांनी एकाच कुशीवर करायचं ठरवताना कोणाला तरी विचारावं, एकाला आवळताना दुसऱ्याला सैल करायला नको.

मोठ्या माणसात व्यायामाने हाडाचा बाक सरळ होत नाही. कोणी तशी गॅरंटी देत असेल, आधी-नंतरचे फोटो दाखवत असेल, तर फोटोत माणूस कसा उभा आहे ते बघा, नुसतं वजन एका पायावर टाकलं तरी खांद्याचा फरक दिसतो. पण दुखणं कमी होणं, दम वाढणं, संध्याकाळी माणसासारखं घरी येणं, हे होतं. आणि ते छोटं नाही.

शंकेखोर:
बरं. आणि ते मान मोडणारे? कट्ट आवाज काढतात ते. माझा मेहुणा जातो, शपथेवर सांगतो की मणका जागेवर बसला.

फिजिओताई:
मणका जागेवरून गेलेलाच नसतो तर बसणार कुठे! तो आवाज सांध्यातल्या हवेचा. थोडा वेळ सैल वाटतं, ते खोटं नाही. पण बाकावर परिणाम शून्य, आणि हाड ठिसूळ असेल किंवा आधी ऑपरेशन झालं असेल तर धोका आहे. हाडवैद्याकडे पाठीवर पाय देऊन घेणारे पण येतात माझ्याकडे, नंतर.

जुनी_मास्तरीण:
सगळ्या तरुण मंडळीत मी म्हातारी शिरते. वय ६८, मिरज. शाळेत असताना माझी पाठ सरळ होती, उभ्याने ३५ वर्षं शिकवलं. साठीनंतर कंबर एका बाजूला कलायला लागली, साडीच्या निऱ्या सारख्या येईनात, एका बाजूला काठ जमिनीला लागायचा. डॉक्टर म्हणाले हाही स्कोलिओसिसच, पण झिजेचा. मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या, एका बाजूला जास्त झिजल्या, म्हणून कणा कलला. मला पाठीपेक्षा पाय जास्त छळतात. देवळापर्यंत चालले की पोटऱ्या भरून येतात, कट्ट्यावर बसले की दोन मिनिटात बरं वाटतं. पण मुलाबरोबर डी-मार्टला गेले की तासभर ट्रॉली ढकलत फिरते आणि काही होत नाही! मुलाला वाटतं आई नाटक करते.

फिजिओताई:
काकू, मुलाला हा धागा वाचायला द्या. नाटक नाही, अगदी पुस्तकातलं लक्षण आहे. झिजेमुळे नसांची वाट अरुंद होते, सरळ उभं राहिलं की ती अजून आवळते, थोडं पुढे झुकलं की मोकळी होते. ट्रॉलीवर तुम्ही झुकता म्हणून चालवतं. म्हणून तुमच्या वयात घरच्यांनी "ताठ चाल" म्हणून मागे लागणं चूकच आहे. चाकांचा वॉकर घ्या, लाजू नका, आणि सायकल, म्हणजे घरातली उभी असते ती, पुढे झुकून चालवता येते, ती चांगली.

आणि हे सगळ्यांसाठीच: पायातली ताकद अचानक जाणं, पाऊल लटकं पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा बसायच्या जागी बधिर होणं, यातलं काहीही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, हे पण बाकाच्या खाती टाकू नका.

जुनी_मास्तरीण:
धन्यवाद गं बाळा. वॉकरचं बघते. सून केव्हाची म्हणतेय.

बापमाणूस:
मी थोडा वेगळा प्रश्न टाकतो, माफ करा. मुलगी १२ वर्षांची, भरतनाट्यमच्या टीचरनी सांगितलं पाठ एका बाजूने वर दिसते. एक्स-रे २७ आला. डॉक्टरांनी ब्रेस सांगितलाय, दिवसातले १८ तास. बायको म्हणते एवढ्या लहान पोरीला प्लास्टिकच्या पिंजऱ्यात घालायचं नाही, आधी वर्षभर योगा करू. इथे वर सगळे म्हणतायत घाबरायचं कारण नाही, मग थांबू का?

फिजिओताई:
थांबू नका!! वरचं सगळं वाढ संपलेल्यांसाठी आहे. तुमच्या मुलीची वाढ आता सुरू आहे आणि बाक वाढतो तो याच काळात, उंची झपाट्याने वाढते तेव्हा. पाळी सुरू झालीये का, कमरेच्या हाडाची वाढ किती बाकी आहे, हे एक्स-रेवरून डॉक्टर बघतात. ब्रेसवर २०१३ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला, ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत म्हणजे ५० पर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ते ४८ टक्के. आणि जितके जास्त तास घातला तितका जास्त फायदा. दुसरी बाजू पण बघा, नुसतं लक्ष ठेवलं त्यातले जवळजवळ अर्धे पण ठीकच राहिले. पण तुमची मुलगी कुठल्या अर्ध्यात आहे ते आधी कळत नाही.

योगा, नाच सगळं चालू ठेवा, ब्रेसच्या जोडीला. ब्रेसऐवजी नाही.

टायटॅनियम:
बापमाणूस दादा, मी त्या पिंजऱ्यापर्यंत पोचलेच नाही, माझा बाक उशिरा सापडला. आपल्याकडे शाळेत पुढे वाकवून पाठ वगैरे कोणी बघत नाही, माझं १४ व्या वर्षी ५८ झाल्यावर कळलं. ब्रेसची वेळ गेली होती. १५ व्या वर्षी ऑपरेशन, वरपासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत स्क्रू आणि दोन सळ्या. आता ३१ आहे. तिला एक सांगा, ब्रेस वरून ढगळ कुर्त्यात दिसत नाही, आतून सुती बनियन घालायचा म्हणजे घामोळं येत नाही, आणि पहिले पंधरा दिवस फार वाईट जातात, मग सवय होते. मी ब्रेसवाल्या दोन मुलींना ओळखते, दोघी आता सुटल्यात.

इंग्लंडची राजकन्या युजनी आठवते? तिचं १२ व्या वर्षी हेच ऑपरेशन झालं, २००२ साली, आणि २०१८ च्या लग्नात मुद्दाम मागे मोठ्या गळ्याचा ड्रेस घातला, व्रण दिसावा म्हणून. माझ्या बहिणीने मला तो फोटो पाठवला होता. मी माझ्या लग्नात बंद गळ्याचं शिवलं होतं, पण हळदीला नाही.

मृद्गंध:
टायटॅनियम, ऑपरेशननंतर रोजचं कसं असतं? विचारलं तर चालेल ना?

टायटॅनियम:
चालेल की. पाठ वरच्या भागात वाकतच नाही, त्यामुळे काही उचलायचं तर गुडघ्यात बसून. पंगतीत मांडी घालून बसता येतं पण ताटावर वाकता येत नाही, ताट पाटावर ठेवते. गाडीवरून खड्ड्यात आदळलं की खाली जिथे सळ्या संपतात तिथे कळ येते, त्याच्या खालच्या मणक्यांवर काम जास्त पडतं म्हणतात. एअरपोर्टवर कधी वाजतं कधी नाही. बाळंतपणात पाठीतलं इंजेक्शन देता येईल की नाही हे भूलतज्ज्ञांना आधीच भेटून विचारा, मी सातव्या महिन्यात एक्स-रे घेऊन गेले होते, त्यांनी सांगितलं खालची जागा मोकळी आहे, आणि जमलं. उंची मात्र एका दिवसात वाढली, हॉस्पिटलमधून घरी आले तर सगळ्या सलवारी आखूड.

दोरीवाली:
कपड्यांवरून आठवलं, तुम्ही सगळ्या ब्लाउजचं काय करता? माझा डावा खांदा कायम घसरतो. ब्राचा पट्टा पण, ओढणी पण, पर्स पण.

मृद्गंध:
अगं हा खरा प्रश्न! मी कितीतरी ब्लाउज वाया घालवले. मग आमच्या इथल्या मावशी भेटल्या, त्या म्हणाल्या मापाचा ब्लाउज देऊ नकोस, अंगावर माप घेऊ दे. उजवी-डावी पाठ वेगवेगळी मोजतात. उजव्या पाठीला कापड जास्त, डाव्याला टक्स थोडा खोल, डाव्या खांद्याला आतून पातळ पॅड, आणि माया दोन्हीकडे भरपूर. मुंढा पण दोन्हीकडचा वेगळा कापतात. पाठीला उभा जोड असला, म्हणजे मधोमध शिवण, तर ती शिवण वाकडी दिसते, म्हणून मागे अखंड पाठ आणि हुक पुढे. प्रिंट बारीक घ्यायचं, उभे पट्टे अजिबात नाही. शिलाई थोडी जास्त घेतात पण देते गुपचूप.

टायटॅनियम:
मावशींचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर प्लीज.

रांगडा_गडी:
बायकांचं बरं हाय. आमच्या शर्टाला कोण माया सोडतंय. एक बाही मनगटावर, एक बोटावर.

बरं फिजिओताई, मी जिम लावू का? मित्र म्हणतोय वजन उचललंस तर कायमचा वाकशील. माझं म्हणणं उसेन बोल्टला पण हाच आजार हाय म्हणं, तो तर जगात सगळ्यात जोरात पळाला.

फिजिओताई:
बोल्टला आहे, त्याने स्वतःच सांगितलंय, आणि पाठ-पोट मजबूत ठेवावं लागतं हे पण त्यानेच सांगितलंय. लावा जिम. कोचला पहिल्या दिवशी सांगा. सुरुवातीला डंबेल वेगवेगळ्या हातात, म्हणजे कमजोर बाजू लपत नाही. खांद्यावर जड बार घेणं घाईने नको. आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात हा हट्ट सोडा, तुमच्या हाडाला जे सारखं आहे ते आरशाला वाकडं दिसेल.

राईनकाठी:
दुखण्याबद्दल एक आकडा मला धीर देऊन गेला होता म्हणून टाकते. अमेरिकेत आयोवाला ज्यांनी काहीच उपचार घेतले नव्हते अशा लोकांना ५० वर्षांनी शोधून काढून तपासलं, २००३ मध्ये छापून आलं. कायमची पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्क्यांना, आणि त्याच वयाच्या सरळ कण्याच्या लोकांत ३५ टक्क्यांना. म्हणजे आपल्याला जास्त दुखतं हे खरं, मनाचे खेळ नाहीत. पण दुखणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते थोडं किंवा मध्यम असं सांगितलं, आणि कामधाम, संसार सगळं बाकीच्यांसारखंच. सरळ कण्यावाल्यांचं पण ३५ टक्के दुखतं बघा की.

मृद्गंध:
हे मी नवऱ्याला दाखवते!

तर मी आता असं करतेय. आईकडून फिल्म आणवली, दोन्ही एकत्र दाखवायची वेळ घेतलीये. ऑफिसात मॅनेजरला सांगितलं, काउंटरची उंच खुर्ची बदलून मिळाली, पायाखाली जुनी रजिस्टरं बांधून ठेवलीत. मॉनिटर मधोमध आणला, आधी उजवीकडे होता, दिवसभर मान तिकडेच. अर्ध्या तासाने उठते, कारण काढून, पाणी नाहीतर प्रिंटर. घरी ओट्याशी उभी असताना एक पाय पाटावर, हे कोणीतरी सांगितलं होतं ते फार कामाचं निघालं, पोळ्या होईपर्यंत कंबर धरत नाही. लोकलमध्ये दाराशी टेकून उभं राहण्यापेक्षा दोन्ही हातांनी वरच्या कड्यांना धरते, थोडं लटकल्यासारखं. सॅक दोन्ही खांद्यांवर, गर्दीत पुढे.

शेवटचा प्रश्न. भावाने पट्टा रद्द केला आणि आता ते उलटं लटकायचं टेबल मागवायचं म्हणतोय, पाय बांधून डोकं खाली. त्याचं काय?

फिजिओताई:
तुमचा भाऊ फार प्रेमळ आहे. लटकलेले असेपर्यंत बरं वाटतं, उतरलात की कणा होता तिथे. बीपी असेल, डोळ्यात काचबिंदू असेल तर अजिबात नाही. त्याच पैशात श्रॉथवाल्या फिजिओची बरीच सेशन्स होतील, त्याला सांगा तेवढे भर. आणि घरात दाराला हात धरून लटकायचा रॉड बसवा, पाय जमिनीला टेकलेले ठेवून नुसतं वजन सोडायचं, तो स्वस्त पडतो.

रांगडा_गडी:
रॉड मजबूत बघून घ्या ताई, चांगल्या दाराला. माझ्या चौकटीसकट खाली आला होता.